गणिताच्या बाईंचा गळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पाठसंच आहे. लगेच नाक मुरडू नका. जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुनी सायकल असे सगळे आपापली कहाणी सांगून गेले, तेव्हा तुम्ही माना डोलावून ऐकलंत. मग मीच तुमचं काय घोडं मारलंय?

माध्यमिक शाळेत संगीत शिकवायला जे जे लागतं, ते सगळं माझ्या पोटात तयार आहे. जाड पुठ्ठ्याचं निळं खोकं, त्यात चाळीस कार्डं, एक सीडी आणि भिंतीवर लावायचे दोन तक्ते. एका कार्डावर एक तास. शिक्षकाने कार्ड काढायचं, वाचायचं, शिकवायचं आणि परत ठेवायचं. सूर कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही, त्यालाही माझ्या जोरावर वर्गात उभं राहता येतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसणार नाही. माझा स्वभाव हेवेखोर आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याला औषध नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथल्या लांब टेबलाच्या एका टोकाला मला लिहिणाऱ्या बाई बसायच्या. त्यांचं सगळं आयुष्य मुलांना गाणं शिकवण्यात गेलं होतं. दुसऱ्या टोकाला पानांची मांडणी करणारा गृहस्थ बसायचा. बाई लिहायच्या आणि तो कापायचा, असा त्यांचा संसार चालला होता.

बाईंनी प्रत्येक कार्डावर शिक्षकांसाठी कंसात सूचना लिहिल्या होत्या. इथे खिडक्या बंद करा, इथे हसऱ्या चेहऱ्याने वर्गाकडे पाहा, अशा. सातव्या कार्डाचं नाव होतं ‘हाक आणि साद’. शिक्षकाने गाऊन विचारायचं, ‘कोण आहे?’ आणि एकेका मुलाने गाऊन उत्तर द्यायचं, ‘मी आहे.’ एवढंच गाणं. त्याखाली कंसात लिहिलं होतं : इथे थांबा. साद येईपर्यंत वाट पाहा. घाई करू नका.

“ही ओळ काढू का? जागा खाते,” मांडणीवाला म्हणाला.

“काढायची नाही.”

“अहो, थांबायला काय शिकवायचं असतं?”

“तेच कुणाला येत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ओळ राहिली.

सीडीसाठी गायला एक गायिका आली. तिच्या आवाजाबद्दल काय सांगू? साखर पेरावी तसे तिने सूर लावले. सातव्या पाठात तिच्या ‘कोण आहे?’ नंतर मुलांच्या उत्तरासाठी चार ठोक्यांची जागा सोडली होती आणि मग तिचंच गोड ‘शाबास’ भरलं होतं. मला लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, “जरा जास्त थांबा ना इथं.” ध्वनिमुद्रण करणारा हसला. “बाई, शांतता कोण विकत घेतं?” चार ठोके चारच राहिले. मला त्या वादात काडीचाही रस नव्हता. मी माझ्या निळ्या रंगावर खूश होतो.

मी शाळेत आलो तेव्हा तिथले संगीताचे सर नोकरी सोडून गेले होते आणि नवीन कुणी मिळत नव्हतं. मग मुख्याध्यापकांनी संगीताचा तास गणिताच्या बाईंच्या गळ्यात मारला.

“सर, मला गाता येत नाही,” बाई म्हणाल्या. “लहानपणी आमच्या बाईंनी मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी ओठच हलवते.”

“म्हणून तर हा संच मागवलाय. सगळं आयतं आहे. तुम्ही फक्त वाचायचं. हे एक वर्ष बघू. नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी हा तास गणिताला देऊन टाकू.”

“मग नाहीच जमणार,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला.

माझा मात्र हिशेब सरळ होता. तास गेला की मी गेलो. गणिताच्या तासाला ‘कोण आहे?’ असं गाऊन कोण विचारणार? माझी रवानगी सरळ रद्दीत होणार होती. ज्या बाईंच्या हाती माझा जीव होता, त्यांना मी नकोच होतो.

त्यांच्या कपाटात माझ्या शेजारी फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास होता. बाई त्याला तास संपल्यावर रुमालाने पुसून ठेवायच्या. मला दोन बोटांनी उचलायच्या, मेलेली पाल उचलावी तसं. एका पायावर गिरक्या घेणाऱ्या त्या लाकडाच्या ठोकळ्यात असं काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पहिल्या तासाला बाई पहिलं कार्ड दोन्ही हातांत घट्ट धरून उभ्या राहिल्या. घाबरलेला माणूस समोर दिसेल ते वाचतो. बाईंनीही तेच केलं.

“आज आपण आपल्या आवाजाशी मैत्री करणार आहोत. इथे हसऱ्या चेहऱ्याने वर्गाकडे पाहा.”

वर्ग एकमेकांकडे पाहू लागला.

“इथे खिडक्या बंद करा.” दोन मुलं निमूटपणे उठली आणि खिडक्या लावून आली. बाईंची नजर कार्डावरून हलत नव्हती. “हात मोकळे सोडा. कार्ड हातात धरून ठेवू नका.”

एवढं वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या थांबल्या, कार्डाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. सगळा वर्ग खो खो हसत सुटला. आता या बाई रडणार, असं मला वाटलं. पण त्यांनाच हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. त्या दिवसापासून बाई कधी कपाळाला आठ्या घालून वर्गात आल्या, की मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, “बाई, इथे हसऱ्या चेहऱ्याने वर्गाकडे पाहा.”

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. माझ्यावाचून बाईंचं पान हलत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर त्यांना चिडवायचे, “काय बाई, आयत्या पिठावर रेघोट्या ओढताय म्हणे.”

“माझ्याकडे पीठ तरी आहे,” बाई म्हणायच्या. “तुमच्या नुसत्याच रेघोट्या.” ते ऐकून मी खोक्यात मावेनासा झालो होतो.

मग माझ्या सुखाला दृष्ट लागली. शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या वर्गात थांबायला लागल्या. खिडक्या बंद करायच्या, सीडी लावायची आणि तिच्याबरोबर हळूच गायच्या, ‘कोण आहे?’ समोर नुसती बाकं. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचं दार. मी मनातल्या मनात म्हटलं, गा, खुशाल गा. माझी गायिका कुठे आणि तुम्ही कुठे.

पण बाई हट्टी निघाल्या. गणितवालीच ती, उत्तर येईपर्यंत पान उलटत नाही. एकदा त्यांनी सीडीचा आवाज कमी केला. काही दिवसांनी आणखी कमी केला. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी सीडी लावलीच नाही. टेबलावर फूटपट्टीने ठोका धरला आणि एकट्या गायल्या. आवाज जाडाभरडाच होता. मात्र तो त्यांचा होता, आणि त्या माझ्याकडे न बघता गात होत्या.

मित्रांनो, त्या क्षणापासून मी त्या गळ्यावर जळू लागलो. एका फूटपट्टीने माझ्या ठोक्याची जागा घेतली आणि एका बेसूर गळ्याने माझ्या गायिकेची. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? मला तर वाटायचं, बाईंना चांगली सर्दी व्हावी आणि घसा महिनाभर बसावा.

त्या वर्गात एक मुलगी होती. ती कुणाशी फारसं बोलत नसे, म्हणून सगळे तिला घुमी म्हणायचे. गाण्याच्या वेळी ती ओठ हलवायची. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं नसतं. बाईंच्या लक्षात मात्र पहिल्याच आठवड्यात आलं, कारण ओठ हलवण्यात त्यांचा स्वतःचा हातखंडा होता.

बाई सीडीवर विसंबून होत्या तेव्हाची गोष्ट. सातवा पाठ चालला होता. गायिका विचारायची, ‘कोण आहे?’ आणि एकेक मूल उत्तर द्यायचं. घुमीची पाळी आली. तिने तोंड उघडलं, पण चार ठोके निघून गेले आणि गायिका म्हणाली, ‘शाबास!’ वर्गात हशा पिकला. “न गाताच शाबासकी,” कुणीतरी म्हणालं. घुमीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

पुढे बाई स्वतः गाऊ लागल्या तेव्हा त्याही घुमीला विचारायच्या आणि थांबायच्या. घुमी बाकावरची रेघ नखाने कोरत बसायची. “आज नाही का? बरं, उद्या विचारीन,” असं म्हणून बाई पुढच्या मुलाकडे वळायच्या. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. पाहा, तुमच्या गळ्यालाही उत्तर नाही.

वर्ष संपत आलं आणि एका सकाळी मुख्याध्यापक वही घेऊन वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. हा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, ते आज ठरणार होतं. बाई घाबरल्या. घाबरल्यावर माणसाला जुने मित्र आठवतात. त्यांनी कपाट उघडलं, कंपास बाजूला सारला आणि मला बाहेर काढलं. कितीतरी दिवसांनी माझं झाकण उघडलं. मी त्या कंपासाकडे असं पाहिलं म्हणून सांगू.

सातवं कार्ड बाईंच्या हातात, सीडी लावलेली, सगळं शिस्तीत. गायिका विचारत होती, मुलं उत्तरं देत होती, ‘शाबास’ वेळच्या वेळी पडत होतं. मुख्याध्यापकांची मान डोलत होती. माझा तास वाचत होता आणि तो माझ्यामुळे वाचत होता, बाईंच्या गळ्यामुळे नव्हे. यापेक्षा मोठं सुख मला ठाऊक नाही.

मग घुमीची पाळी आली. ‘कोण आहे?’ चार ठोके. ‘शाबास!’ मुख्याध्यापकांनी पुन्हा मान डोलावली. मुलगी गायलीच नाही, हे त्यांना कळलंसुद्धा नाही. गायिका पुढच्या मुलाला विचारू लागली.

बाईंनी हात पुढे केला आणि सीडी बंद केली.

मी आतल्या आत ओरडलो. अहो बाई, सगळं सुरळीत चाललंय, साहेब खूश आहेत, कशाला हातचं घालवता? पण खोक्याचं कोण ऐकतं?

बाईंनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. घुमीकडे पाहिलं आणि आपल्या त्या जाड्याभरड्या आवाजात गाऊन विचारलं, “कोण आहे?”

आणि त्या थांबल्या.

चार ठोके केव्हाच गेले. बाहेर कुणीतरी नळ सोडला, बादली भरली, नळ बंद झाला. एक मुलगा खोकला. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, वही मिटली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला, वर्गातल्या एखाद्या पोराला गप्प करावं तसा. घुमी रेघ कोरत होती. तिचं नख थांबलं.

“मी आहे,” ती गायली.

तिचा आवाज खोल होता, मुलींचा सहसा असतो त्याहून पुष्कळ खालचा. म्हणूनच तो तिने दडवून ठेवला असावा. सूर बाईंनी दिला होता त्याच्याही खाली लागला. आता हसणार सगळे, असं मला वाटलं. पण बाईंनी लगेच तोच खालचा सूर उचलला आणि पुढच्या मुलाला त्या सुरात विचारलं. त्यानेही खालीच उत्तर दिलं. मग सगळा वर्ग घुमीच्या सुरात गाऊ लागला.

मला आनंद झाला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? माझ्या गोड गायिकेला जे जमलं नाही, ते त्या फाटक्या गळ्याला जमलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला.

तास संपल्यावर मुख्याध्यापक टेबलापाशी आले. “बाई, छान चाललं होतं. मध्येच बंद का केलंत?”

“तिचं उत्तर आलं नव्हतं, सर.”

“पण सीडी तर शाबास म्हणाली.”

“सीडी सगळ्यांनाच म्हणते.”

मुख्याध्यापकांनी माझं उघडं झाकण बंद केलं. “मग हा तास गणिताला नको?”

“गणिताचा जादा तास मी शाळा सुटल्यावर घेईन,” बाई म्हणाल्या. “हा राहू द्या.”

तास राहिला. मी रद्दीत जायचा वाचलो, पण कपाटात गेलो तो गेलोच. बाईंना आता माझी गरज उरली नव्हती. वर्षामागून वर्षं गेली. कपाटाच्या दारापलीकडून त्यांचा आवाज यायचा, मुलांचे आवाज यायचे. मी अंधारात बसून त्या गळ्याला शिव्या घालायचो. माझी सीडी कुणीतरी नेली ती परत आणली नाही. तक्त्यांना वाळवी लागली. कंपास मात्र रोज बाहेर जायचा आणि पुसून परत यायचा.

मग नवे तयार पाठ आले. ते पडद्यावर दिसायचे, त्यांत रंग होते, हलणारी चित्रं होती. ते दाखवणारं यंत्र टेबलावर ठेवलं तर चित्र पडद्याच्या खाली पडायचं. त्याला उंची द्यायला मला कपाटातून काढलं आणि त्याखाली ठेवलं. मित्रांनो, सवत आली ती आली आणि वर माझ्याच डोक्यावर बसली. तिच्या पोटातली गायिकाही मुलांना विचारायची, थोडं थांबायची आणि कुणी गाओ न गाओ, ‘शाबास’ म्हणायची. बाई तिचाही आवाज मध्येच बंद करायच्या, तेव्हा तेवढाच माझ्या जिवाला थंडावा मिळायचा.

अशीच एके दिवशी बाईंची निवृत्ती आली. संगीताचा तास या वेळी खेळाच्या सरांच्या गळ्यात पडला होता. आडदांड माणूस, मैदानावर त्यांची आरोळी तीन गल्ल्या ऐकू जाते. पण गायचं म्हटल्यावर ते दारातच उभे राहिले.

“बाई, मला हे जमायचं नाही,” ते म्हणाले. “तुमचं वेगळं आहे. तुम्ही गाण्यातल्या आहात.”

“मी गणितातली आहे.”

“मग गाणं कुठे शिकलात?”

बाईंनी यंत्र उचलून बाजूला ठेवलं. माझ्यावरची धूळ रुमालाने पुसली, त्याच रुमालाने, ज्याने त्या कंपास पुसायच्या. आणि माझ्या झाकणावर बोटांनी दोनदा वाजवलं.

“इथं,” त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं ज्या गळ्याचा मी हेवा केला, तो मलाच आपलं माहेर म्हणत होता.

बाईंनी सातवं कार्ड काढून सरांच्या हातात दिलं. कंसातल्या ओळीवर बोट ठेवलं. “बाकी काही विसरलात तरी चालेल. एवढं मात्र करा. मी या एका ओळीवर सगळी नोकरी काढली.” मग त्या जरा हसल्या. “आणि कंसातलं मोठ्याने वाचू नका.”

सरांनी ते वाचलंच. दुसऱ्याच दिवशी, भर वर्गात, मैदानावरच्या आवाजात. “कोण आहे? इथे थांबा. साद येईपर्यंत वाट पाहा.” वर्ग हसून हसून लोटपोट झाला. सर कानापर्यंत लाल झाले. पण कार्डावर लिहिलं होतं म्हणून ते थांबले. हसू ओसरलं, वर्ग शांत झाला, तरी ते थांबून राहिले.

ती शांतता मी ओळखली. पूर्वी हिच्याचसाठी मला लिहिणाऱ्या बाई भांडल्या होत्या आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी गायिकेचा तोरा मिरवत बसलो आणि माझ्यातली खरी चीज एका कंसात पडून राहिली. बाईंना ती सापडली. मला माझ्याच पोटातलं सापडायला एवढी वर्षं लागली.

मित्रांनो, आमच्यासारख्या तयार वस्तूंकडून काम शिका आणि शिकून झालं की आम्हाला खुशाल मिटून ठेवा. आम्ही रुसू, जळू, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त डोक्यावर यंत्रं ठेवू नका आणि वर्षातून एकदा तरी झाकण उघडून धूळ पुसा. आणि कुणाला काही विचारलंत, तर उत्तर येण्याआधी शाबास म्हणू नका. तेवढं थांबा.

माझा हेवा गेला का, असं विचाराल, तर तसं काही नाही. काल सरांनी खेळाची शिट्टी रुमालाने पुसली, तेव्हा माझ्या पोटात पुन्हा दुखलं.

पण त्या पहिल्या दिवशी, सर वाट पाहत उभे होते आणि अजून एकाही मुलाने तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा टेबलावरच्या एका निळ्या खोक्याने कुणालाही ऐकू न जाणारं उत्तर दिलं होतं. मी आहे.